एका तारेतली चार हजार जाळी

लिनक्सच्या संगणकावर, रूटचे अधिकार हाताशी असतील तर, एक ओळ टाइप करून नवं नेटवर्क कार्ड तयार करता येतं. पेटी उघडावी लागत नाही, दुकानात जावं लागत नाही. संगणकाच्या पाठीमागे नेटवर्कची एकच खाच आहे, तिच्यात एकच तार आहे. एंटर दाबलं की इंटरफेसच्या यादीत एक नाव वाढतं. त्या नावाला स्वतःचा आयपी ॲड्रेस देता येतो, फायरवॉलमध्ये त्याच्यासाठी वेगळे नियम लिहिता येतात, त्याच्यावरून किती बाइट गेले नि किती आले याचा हिशेब कर्नल वेगळा ठेवतो. त्यावर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम शपथेवर सांगेल की हे एक स्वतंत्र कार्ड आहे आणि ते एका स्वतंत्र जाळ्याला जोडलेलं आहे. अशी नावं त्या एकाच तारेवर ४०९४ पर्यंत वाढवता येतात. मी ही ओळ रोजच्या कामात वापरत आलो आहे आणि तिचं नवल अजून ओसरलेलं नाही.

ती ओळ अशी:

आयपी लिंक ॲड लिंक ईथ० नेम ईथ०.१० टाइप व्हीलॅन आयडी १०

नागरीत लिहिली म्हणून ती जरा अनोळखी वाटेल, पण शब्द तेच आहेत. 'आयपी' हा प्रोग्रॅम, त्याला सांगितलं की विषय 'लिंक'चा, म्हणजे इंटरफेसचा आहे, आणि एक नवा जोडायचा आहे. पुढचं 'लिंक ईथ०' महत्त्वाचं. नवा इंटरफेस कुणाच्या खांद्यावर उभा राहणार ते इथं ठरतं. ईथ० हे खऱ्या कार्डाचं नाव. आजच्या यंत्रांवर ते ईएनपी३एस० असं काहीसं दिसेल, त्यानं फरक पडत नाही. 'नेम ईथ०.१०' हे नुसतं बारसं. टिंबापुढचे १० पाहून कर्नल काहीच ठरवत नाही, ती माणसांची सोय आहे. पंधरा अक्षरांत बसेल ते नाव ठेवा. ठरवणारा आकडा शेवटचा, 'आयडी १०'. सगळी जादू त्या दहात आहे. यानंतर आणखी दोन ओळी लागतात, एक इंटरफेस 'अप' करायला आणि एक त्याला ॲड्रेस द्यायला. खांदा देणारं कार्ड मात्र आधी 'अप' असावं लागतं. ते झोपलं की त्याच्यावरचे सगळेच झोपतात.

लोखंड नसताना कार्ड कसं असू शकतं, याचं उत्तर युनिक्सच्या घराण्याच्या जुन्या रचनेत आहे. १९८३ साली बर्कलीच्या विद्यापीठातून ४.२बीएसडी बाहेर पडलं. त्यात नेटवर्कचा जो सांगाडा उभा केला गेला तो आजही बहुतेक सगळ्या युनिक्सवंशीय प्रणालींत ओळखू येतो. त्या सांगाड्यात इंटरफेस म्हणजे कर्नलच्या मेमरीतली एक नोंद असते: एक नाव, काही आकडे, आणि 'पॅकेट पाठवायचं झालं तर या फंक्शनला बोलाव' असा एक पत्ता. त्या फंक्शनमागे तांब्याची तार आहे की नाही हे वरच्या थरांना कळत नाही. लूपबॅक हे याचं जुनं उदाहरण. १२७.०.०.१ या पत्त्यावर पाठवलेलं पॅकेट कोणत्याही तारेवर न चढता त्याच यंत्रात परत येतं, आणि टीसीपीला त्यात वावगं काही वाटत नाही. ज्यांनी तो सांगाडा बांधला त्यांनी दार उघडं ठेवलं. पुढच्या पिढीनं त्या दारातून आणखी कितीतरी आभासी कार्डं आत आणली. व्हीलॅन, म्हणजे आभासी लॅन, हे त्यातलं मला सर्वांत सुंदर वाटणारं.

पण एका तारेत अनेक जाळी कोंबायची गरज पडली कशाला? त्यासाठी इथरनेटच्या स्वभावाकडे जावं लागतं. १९७३ च्या मे महिन्यात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटचं टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीनं ते प्रत्यक्षात उतरवलं. एक लांब केबल, तिला जागोजागी जोडलेले संगणक, वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. एक यंत्र बोललं की सगळ्यांना ऐकू जाई. ज्याच्या नावाचा निरोप असेल त्यानं तो घ्यावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा. आजचे स्विच निरोप ज्याचा त्यालाच पोचवतात, पण सर्वांना ऐकू जाण्याचा तो मूळ गुण एका ठिकाणी मुद्दाम जपलेला आहे. त्याला ब्रॉडकास्ट म्हणतात, आणि त्याच्याशिवाय काम सुरूच होत नाही. १९८२ साली ठरलेल्या एआरपी या रीतीनुसार संगणकाला पहिल्यांदा ओरडूनच विचारावं लागतं की अमुक आयपी ॲड्रेस कुणाचा आहे. चाळीच्या चौकात उभं राहून कुणी 'कुलकर्णी कुठं राहतात हो?' अशी हाक दिली की ज्यांचं आडनाव कुलकर्णी नाही तेही हातातलं काम सोडून मान वर करतात. वीस बिऱ्हाडांत हे चालतं. दोन हजार बिऱ्हाडांत कुणाचंच काम धड होणार नाही. शिवाय ज्यांनी ऐकू नये असेही ऐकतात.

चौक वेगळे करायला हवेत. साधा मार्ग म्हणजे वेगळे स्विच, वेगळ्या तारा, वेगळी कार्डं. एखाद्या दवाखान्यात बिलिंगचे संगणक, भिंतीवरचे कॅमेरे आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ठेवलेलं वायफाय, ही तीन जाळी एकमेकांना दिसू नयेत असं कुणालाही वाटेल. स्वस्त कॅमेऱ्यात घुसलेला माणूस रुग्णांच्या नोंदींपर्यंत पोचता कामा नये. पण त्यासाठी प्रत्येक मजल्यावर तीन-तीन स्विच बसवायचे आणि भिंतीतून तीन-तीन तारा ओढायच्या, तर खर्च आणि गुंता दोन्ही हाताबाहेर जातात.

गंमत अशी की या अडचणीचा जो उपाय आज आपण वापरतो तो मुळात भिंती घालण्यासाठी शोधलेलाच नव्हता. डेव्हिड सिंकॉस्की हे अमेरिकेतले संशोधक. १९८० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत इथरनेटवरून आवाज नेण्याचे त्यांचे प्रयोग यशस्वी झाले. मग बेलकोर या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधनसंस्थेत आल्यावर त्यांनी इथरनेट मोठं कसं करायचं हा प्रश्न हाती घेतला. अनेक जाळी जोडायची तर एकाहून जास्त वाटा हव्यात, म्हणजे एक तुटली तर दुसरी उरते. पण इथरनेटमध्ये वाटांचं वर्तुळ झालं की ब्रॉडकास्ट त्यात गरगर फिरत राहतो आणि जाळं गुदमरतं. यावरचा उतारा रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये दिला होता: स्विचांनी आपसांत बोलून जादा वाटा बंद ठेवायच्या आणि जाळ्याचं झाड करायचं, कारण झाडात वर्तुळ नसतं. झाडाला बुंधा मात्र असतो, आणि सगळी वाहतूक त्या बुंध्यातूनच जाऊ लागते. सिंकॉस्की यांचा विचार असा की त्याच तारांवर अनेक झाडं उभी करावीत. १९८८ साली चेस कॉटन यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी तो मांडला. फ्रेम, म्हणजे तारेवरचा एकेक निरोप, कोणत्या झाडाची हे ओळखायला तिला खूण हवी. लाल, हिरवी, निळी अशा रंगासारखी. वाहतूक वाटून देण्यासाठी निघालेली ती खूण पुढे वेगळेपण राखण्याचं जगातलं सर्वांत नेहमीचं साधन झाली.

दरम्यान कंपन्यांनी आपापले मार्ग काढले होते. सिस्कोचा मार्ग अख्खी फ्रेम ३० बाइटांच्या वेष्टनात गुंडाळायचा. १९९८ मध्ये आयट्रिपलईचं ८०२.१क्यू हे प्रमाण आलं, आणि त्यानं निवडलेला मार्ग इतका काटकसरी आहे की तो जवळून पाहायलाच हवा. फ्रेमचे पहिले ६ बाइट म्हणजे ज्याला निरोप पोचायचा त्याचा पत्ता. पुढचे ६ पाठवणाऱ्याचा पत्ता. त्यानंतरचे २ बाइट आत काय भरलंय ते सांगतात: हेक्समध्ये ०८०० असेल तर आयपी, ०८०६ असेल तर एआरपी. ८०२.१क्यूनं बरोबर या ठिकाणी, दोन पत्त्यांनंतर आणि या दोन बाइटांच्या आधी, चार बाइट खोचले. त्यांनाच टॅग म्हणतात. व्हीलॅन १० साठी ते चार बाइट, म्हणजे बत्तीस बिट, असे दिसतात:

सलग रांगेत ते डोळ्यांना बोचतात, म्हणून तोडून लिहितो: १००० ०००१ ०००० ००००, मग ०००, मग ०, मग ०००० ०००० १०१०.

पहिला सोळा बिटांचा तुकडा हेक्समध्ये ८१०० होतो. तो नेमका त्या जागी येऊन बसतो जिथं जुनं यंत्र 'आत काय आहे' हे वाचायला बघतं. ज्या यंत्राला व्हीलॅन माहीत आहे ते ८१०० वाचून समजतं की पुढे टॅग आहे, खरा प्रकार त्याच्यानंतर आहे. ज्याला माहीत नाही ते 'हा प्रकार आपल्याला ठाऊक नाही' म्हणून फ्रेम गुपचूप सोडून देतं. ते गोंधळत नाही, चुकीचा अर्थ लावत नाही. आणि दोन्ही पत्ते आपल्या जुन्या जागीच असल्यामुळे टॅग न कळणारा साधा स्विचसुद्धा अनेकदा अशी फ्रेम योग्य पोर्टाकडे ढकलू शकतो. पंधरा वर्षांची यंत्रं जगभर पसरलेली असताना, त्यातल्या कुणालाही न दुखावता नवी गोष्ट आत शिरवायची ही जागा ज्यांनी हेरली त्यांचं कौतुक करावं तितकं थोडं. पुढचे तीन बिट प्राधान्याचे आहेत. फोनचा आवाज नेणाऱ्या फ्रेमना तिथं मोठा आकडा देऊन पुढे काढता येतं. एक बिट, गर्दी झाली तर हिला आधी टाकून दिलं तरी चालेल, असं सांगणारा. उरलेले बारा बिट म्हणजे जाळ्याचा क्रमांक. बारा बिटांत ४०९६ आकडे मावतात, त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून ४०९४.

फ्रेमच्या शेवटी चुका पकडणारी चार बाइटांची बेरीज असते. मध्ये चार बाइट खोचले की ती नव्यानं काढावी लागते. आणि फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइटांवर जाते. हे चार बाइट कधीकधी फार छळतात. एखादं जुनं कार्ड १५१८ च्या पुढची फ्रेम घेतच नाही. मग पिंग चालतं, छोटी पानं उघडतात, आणि मोठी फाइल पाठवायला घेतली की सगळं अडकतं. फ्रीबीएसडीत अशा कार्डावरच्या व्हीलॅनची मर्यादा १५०० ऐवजी १४९६ धरली जाते. लहान चालतं नि मोठं अडकतं असं लक्षण दिसलं की आधी इथं पाहावं.

आता फ्रेम कर्नलच्या आत काय अनुभवते ते पाहू, कारण माझ्या मते नवलाचा गाभा तिथं आहे. लिनक्समध्ये ही सोय बेन ग्रीअर यांच्या कामातून आली आणि २००१ च्या सुमारास, २.४ मालिकेत, मूळ कर्नलमध्ये सामील झाली. फ्रेम कार्डावर उतरते. कर्नल तिच्यासाठी मेमरीत एक नोंद करतो, आणि त्या नोंदीत 'ही कोणत्या इंटरफेसवर आली' हे सांगणारा एक पॉइंटर असतो. सुरुवातीला तो ईथ० कडे बोट दाखवतो. टॅग सापडला की कर्नल त्यातला क्रमांक घेतो आणि थेट त्या क्रमांकाच्या खणात बघतो. शोधाशोध नाही, ४०९६ खण ५१२-५१२ च्या आठ कप्प्यांत मांडलेले असतात आणि लागेल तोच कप्पा मेमरीत तयार होतो. दहाव्या खणात ईथ०.१० ची नोंद सापडते. कर्नल तो एक पॉइंटर बदलतो. बस. आता ती फ्रेम ईथ०.१० वर आलेली आहे. त्यानंतर कर्नलचा कोड उडी मारून पुन्हा सुरुवातीला जातो, आणि त्या जागेला मूळ कोडमध्ये दिलेलं नावच 'अनदर राउंड' आहे: आणखी एक फेरी. या दुसऱ्या फेरीत सगळं असं घडतं जणू फ्रेम आत्ताच एका वेगळ्या कार्डावर, टॅगशिवाय, उतरली.

बाहेर जाताना हेच उलट. ईथ०.१० ला 'हे पाठव' असं सांगितलं की त्याचं फंक्शन टॅग लावतं, पॉइंटर ईथ० कडे वळवतं आणि फ्रेम त्याच्या रांगेत लावून मोकळं होतं. एक स्वतंत्र जाळं, त्याचे नियम, त्याची सुरक्षा, सगळं शेवटी एका पॉइंटरच्या वळण्यावर उभं आहे. कित्येक कार्डं तर टॅग काढण्या-लावण्याचं कामही स्वतःच करतात आणि क्रमांक तेवढा कर्नलला बाजूला लिहून देतात, म्हणजे मेमरीतले बाइट हलवायलाही नकोत.

हे डोळ्यांनी पाहायला महागडा स्विच लागत नाही. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस नावाची सोय आहे. तिच्यामुळे एकाच यंत्रात दोन वेगळी यंत्रं असल्यासारखं वागता येतं. दोन नेमस्पेस करा, एकाला वाई म्हणा, दुसऱ्याला कराड. दोहोंमध्ये व्हेथ नावाची आभासी तार ओढा. तिचं एक टोक वाईत, एक कराडात. प्रत्येक टोकावर व्हीलॅन १० चा इंटरफेस करा, वाईला १९२.१६८.१०.१ आणि कराडला १९२.१६८.१०.२ द्या, आणि पिंग करा. उत्तरं येऊ लागतात. आता वाईत दोन ठिकाणी टीसीपीडम्प, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या फ्रेम छापून दाखवणारा प्रोग्रॅम, लावा, इथरनेटचा भागही दाखवणारा 'ई' पर्याय देऊन: एक खालच्या तारेवर, एक वरच्या व्हीलॅन इंटरफेसवर. एआरपीचा तोच एक प्रश्न दोन्हीकडे दिसतो. खाली त्याची लांबी ४६ बाइट आहे आणि 'व्हीलॅन १०' असं शेजारी छापलेलं आहे. वर त्याची लांबी ४२ आहे आणि व्हीलॅनचा मागमूस नाही. एकच निरोप, एकाच यंत्रात, दोन मजल्यांवर दोन लांब्यांचा. त्या चार बाइटांचा फरक पडद्यावर पाहिला की वर लिहिलेलं सगळं एकदम खरं होतं.

मग कराडचा इंटरफेस पुसा आणि पुन्हा करा, फक्त आयडी १० च्या जागी २० लिहून. तार तीच, आयपी ॲड्रेस तेच. कराडहून पिंग करा. कराड तीनदा विचारतं, १९२.१६८.१०.१ कुणाचा? खालच्या तारेवर लावलेल्या टीसीपीडम्पमध्ये ते प्रश्न वाईला व्यवस्थित पोचलेले दिसतात, ४६ बाइट, 'व्हीलॅन २०'. वाईच्या कर्नलनं ते घेतले, विसाव्या खणात पाहिलं, तिथं कुणी नव्हतं, सोडून दिले. वर लावलेल्या टीसीपीडम्पमध्ये अक्षरही उमटत नाही. कुणी चुकीचा संदेश पाठवत नाही, नकार कळवत नाही. थोड्या वेळानं कराडच स्वतःला सांगतं की तो पत्ता गाठता येत नाही. ०००० ०००० १०१० च्या जागी ०००० ०००१ ०१००, एवढ्यानं दोन शेजारी एकमेकांसाठी नाहीसे झाले. नेटवर्क शिकवणाऱ्या प्रत्येकानं हा प्रयोग पहिल्या तासाला करून दाखवावा असं मला मनापासून वाटतं. पुस्तकातली आकृती शंभर वेळा पाहून जे उमगत नाही ते इथं पाच मिनिटांत उमगतं.

खऱ्या जगात तारेच्या दुसऱ्या टोकाला बहुधा स्विच असतो, आणि तोही त्याच समजुतीनं वागायला हवा. ज्या पोर्टावर साधा संगणक किंवा कॅमेरा लावायचा ते ॲक्सेस पोर्ट. तिथं फ्रेम टॅगशिवाय येतात-जातात, आणि 'या पोर्टावरचं सगळं व्हीलॅन २० चं' हे स्विचच्या मनात असतं. कॅमेऱ्याला काहीच कळत नाही. आपल्या लिनक्स यंत्राकडे येणारं पोर्ट मात्र ट्रंक: तिथं टॅगसकट सगळी जाळी एकत्र धावतात. बहुतेक 'व्हीलॅन चालत नाही' या तक्रारींचं मूळ इथं असतं. यंत्रावर १० केलेलं असतं, आणि स्विचच्या त्या पोर्टावर १० ला परवानगीच नसते, किंवा ते टॅगशिवाय सोडलेलं असतं. मघाचा वाई-कराडचा प्रयोग ज्यानं केलाय तो अशा वेळी आधी खालच्या तारेवर टीसीपीडम्प लावून पाहतो, आणि क्रमांक वाचतो.

एक गोष्ट पुष्कळांना खटकते. ईथ०, ईथ०.१०, ईथ०.२० या सगळ्यांचा हार्डवेअर पत्ता एकच असतो, खऱ्या कार्डाचा. एकच पत्ता दोन जाळ्यांत दिसला तर स्विच गोंधळणार नाही का? नाही, कारण चांगला स्विच प्रत्येक व्हीलॅनची पत्त्यांची वही वेगळी ठेवतो. वेगळेपण इतकं पक्कं असतं की एकच पत्ता दोन जाळ्यांत सुखानं नांदतो.

आता सुरुवातीचं ते एका खाचेचं यंत्र मघाच्या दवाखान्यात ठेवलं तर राउटरही होऊ शकतं. बिलिंग, कॅमेरे आणि वायफाय यांच्यासाठी १०, २० आणि ३० असे तीन इंटरफेस करा, प्रत्येकाला आपापल्या जाळ्यातला ॲड्रेस द्या, आणि कर्नलमधली आयपी फॉरवर्डिंगची खूण ० वरून १ करा. बिलिंगचं पॅकेट १० चा टॅग घेऊन आत येतं आणि ३० चा टॅग घेऊन त्याच खाचेतून, त्याच तारेवरून बाहेर पडतं. पण ही खूण सुरुवातीला ० असते ते योग्यच आहे. १ केल्याक्षणी तुम्ही घातलेल्या भिंतींना दारं पडतात, आणि कोणत्या दारातून कुणी जायचं हे फायरवॉलमध्ये लिहिणं तुमची जबाबदारी होते. खूण ० असतानाही एक फट राहते. लिनक्स आपला कोणताही ॲड्रेस कोणत्याही इंटरफेसवरून आला तरी आपला मानतो, म्हणून कॅमेऱ्यांच्या जाळ्यातून कुणी यंत्राच्या बिलिंगकडच्या ॲड्रेसला हाक मारली तर यंत्र उत्तर देऊ शकतं. तेव्हा फायरवॉल आधी, जाळी मागून.

आणि टॅग म्हणजे कुलूप नव्हे. तो उघडा लिहिलेला असतो. ट्रंकवर ज्याचा हात पोचला त्याला सगळी जाळी वाचता येतात. ट्रंकवर टॅगशिवाय येणाऱ्या फ्रेमना एक ठरावीक क्रमांक मिळतो, त्याला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात. त्या व्हीलॅनमध्ये बसलेला लबाड माणूस एका फ्रेमला दोन टॅग लावतो: पहिला स्विच बाहेरचा काढतो, आतला उरतो, आणि दुसरा स्विच तो खरा धरून फ्रेम भलत्या जाळ्यात टाकतो. नेटिव्ह व्हीलॅनला कुणीच न वापरलेला क्रमांक देणं हा त्यावरचा सोपा इलाज, आणि तो न करण्याला काही कारण नाही.

दोन टॅग लावण्याची हीच युक्ती सन्मार्गानंही वापरली गेली. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना ४०९४ पुरेनात, तेव्हा ग्राहकाच्या टॅगवर आपला आणखी एक टॅग चढवायची रीत प्रमाणात आली. त्याचा पहिला तुकडा ८१०० ऐवजी ८८ए८. मोठ्या डेटा सेंटरांना तेही कमी पडलं, म्हणून २०१४ मध्ये व्हीएक्सलॅनची रीत नोंदली गेली, २४ बिटांची, एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त क्रमांकांची. तीही लिनक्समध्ये त्याच जुन्या दारातून येते: 'टाइप व्हीलॅन'च्या जागी 'टाइप व्हीएक्सलॅन' म्हणून आणखी एक लोखंड नसलेलं कार्ड.

बीएसडीवाल्यांची भाषा थोडी निराळी. फ्रीबीएसडीत 'इफकॉन्फिग व्हीलॅन१० क्रिएट व्हीलॅन १० व्हीलॅनडेव्ह ईएम०' अशी ओळ. ओपनबीएसडीत ईटीसी डिरेक्टरीत इंटरफेसच्या नावाची एक फाइल, तिच्यात 'व्हीनेटआयडी १०' आणि 'पेरेंट ईएम०'. मला ओपनबीएसडीची रीत अधिक आवडते, कारण ती फाइल उघडली की जाळं वाचता येतं. लिनक्समध्ये ही नोंद कायमची करायची तर प्रत्येक वितरणाची फाइल वेगळी: कुठे सिस्टमडी-नेटवर्कडी, कुठे नेटप्लॅन, कुठे जुनी इंटरफेसेस फाइल.

पण पहिल्या दिवशी कुठल्याच फाइलला हात लावू नका. 'आयपी' प्रोग्रॅमनं केलेलं सगळं फक्त मेमरीत असतं. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनं बसून प्रयोग करू नका, कारण ज्या तारेवरून तुम्ही आत आलात तीच तोडाल. घरचा एखादा जुना लॅपटॉप घ्या, त्यावर लिनक्स चढवा, वाई आणि कराड उभी करा, आणि १० चे २० करून पाहा. काही बिघडलं तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. नेमस्पेस, आभासी तार, व्हीलॅन, सगळं गेलेलं असेल आणि लॅपटॉप पहिल्यासारखा असेल.